मेक्सिकन धाटणीचं स्मोक्ड ब्रिस्केट: अर्धं काम धुराचं, अर्धं वाफेचं

ब्रिस्केट, म्हणजे गुरांच्या छातीचं मांस, घरी करायचं म्हटलं की लोक आधी स्मोकर (धुरावर शिजवायची खास भट्टी) विकत घ्यायला निघतात. थांबा. अंगणात झाकणाची साधी गोल ग्रिल असेल आणि स्वयंपाकघरात ओव्हन असेल, तर तेवढ्यावर हे काम उत्तम होतं. मांसाला धूर लागतो तो पहिल्या पाच-सहा तासांत. पुढचे चार-पाच तास ते बंद पुडक्यात स्वतःच्याच वाफेवर शिजत असतं, आणि त्या वेळी खाली कोळसा आहे की गॅस, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. रात्रभर ग्रिलपाशी जागण्याचे किस्से ऐकायला छान वाटतात, पण त्याची गरज नाही.

यात मेक्सिकन किती, हाही प्रश्न रास्त आहे. लांबलचक ब्रिस्केट तासन्‌तास धुरावर ठेवण्याची पद्धत मध्य टेक्सासची. एकोणिसाव्या शतकात तिथे आलेल्या जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून ती वाढली. मेक्सिकोची जुनी रीत बार्बाकोआची. इदाल्गो राज्यात जमिनीत खड्डा खणून त्यात लाकडं पेटवतात, निखारे झाल्यावर खड्ड्याला मागेईच्या जाड पानांचं अस्तर लावतात (मागेई म्हणजे आपल्या घायपाताचीच भावंडं), वर मेंढीचं मांस ठेवतात आणि सगळं झाकून रात्रभर सोडून देतात. तळाशी एक पातेलं असतं, त्यात गळणारा रस जमतो. रविवारी सकाळी आधी तो रस वाटीतून पितात, मग मांस टॉर्टियात, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीत, भरून खातात. उत्तरेकडे, न्वेवो लेओन, कोआविला आणि सीमेपलीकडच्या दक्षिण टेक्सासात, मेंढीच्या जागी गोमांस आणि लाकूड मेस्कीटचं. सीमेच्या दोन्ही बाजूंचा हा संसार आपण एका तुकड्यावर मांडणार आहोत: धूर टेक्सासचा, वाटण आणि पानांतली वाफ मेक्सिकोची.

मांस निवडताना

ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा, पुढच्या पायांमधला भाग. गुरांना गळपट्टीचं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या अंगाचा भार या स्नायूंवर येतो. म्हणून हे मांस चिवट आणि कोलॅजेननं भरलेलं असतं. घाईत शिजवलं तर चपलेचा तळवा होतो. सावकाश शिजवलं तर तेच कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं आणि मांस ओलसर लागतं.

अख्खा तुकडा घ्या. त्यात दोन स्नायू एकमेकांवर असतात: एक चपटा, कमी चरबीचा आणि दुसरा जाड, चरबीनं विणलेला. दुकानात बहुधा चपटा भाग सुटा मिळतो, कारण तो दिसायला नीटनेटका असतो. तो एकटा घेऊ नका, कोरडा होतो. पहिल्यांदा करणार असाल तर साडेपाच किलोच्या आसपासचा तुकडा पुरे. साफ केल्यावर साधारण साडेचार किलो उरतो आणि शिजल्यावर त्याहून बराच कमी. दहा-बारा माणसांचं टाको-जेवण त्यात व्यवस्थित होतं. अमेरिकेत पाकिटावर सिलेक्ट, चॉइस, प्राइम असे दर्जे छापलेले असतात. प्राइममध्ये आतली चरबी जास्त, म्हणून ते चुका पोटात घालतं. चॉइस चालतं. सिलेक्टच्या वाटेला जाऊ नका. दुकानात तुकडा मधोमध हातावर तोलून पाहा. दोन्ही टोकं खाली वाकली तर चांगलं, फळीसारखा ताठ राहिला तर दुसरा उचला.

हे वाचणारे महाराष्ट्रात असतील तर तिथे गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, कायदेशीर मिळतं ते म्हशीचं मांस. त्यात आतली चरबी कमी असते, तेव्हा धुराचा वेळ कमी करून लवकर पुडक्यात बांधा. आणि ज्यांच्या घरी हे दोन्ही चालत नाही, त्यांनी मेंढीचा किंवा बोकडाचा अख्खा खांदा घ्यावा. यात तडजोड काहीच नाही, मूळ बार्बाकोआ मेंढीचाच असतो. दोन किलोच्या खांद्याला धुरावर अडीच तास आणि पुडक्यात तीन तास धरा. बाकी सगळं खाली दिलंय तसंच.

आदल्या दिवशी: साफसफाई आणि मीठ

मांस थंडगार असतानाच कापा, चरबी घट्ट असली की सुरी नीट चालते. वरच्या बाजूची चरबी अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जास्त राहील इतपत तासा. त्याहून जाड थर ठेवला तर तो वितळत नाही, आणि मसाला सगळा चरबीबरोबर ताटाबाहेर जातो. दोन स्नायूंच्या मध्ये बाजूनं पांढरी, दगडासारखी घट्ट चरबी दिसेल. ती कधीच वितळत नाही, म्हणून शक्य तितकी खरवडून काढा. खालच्या बाजूचा चंदेरी पापुद्राही सोलून टाका. पातळ, लोंबणारी टोकं कापून गोल करा, नाहीतर तीच आधी जळतात. काढलेली चरबी फेकू नका. मंद आचेवर कढवून गाळून ठेवली की बीन्सच्या फोडणीला आणि टॉर्टिया शेकायला कामी येते.

आता मीठ. साफ केलेल्या मांसाच्या दर किलोला १२ ते १३ ग्रॅम, म्हणजे साडेचार किलोला साठेक ग्रॅम. हे वजनानंच मोजा, कारण बारीक मिठाचा आणि जाड मिठाचा चमचा यांत खूप फरक पडतो. सगळीकडे चोळून, जाळीवर ठेवून, उघडंच फ्रिजमध्ये सरकवा. मीठ आत शिरायला रात्र लागते आणि पृष्ठभाग कोरडा होतो. कोरड्या पृष्ठभागावरच पुढे काळपट खरपूस कवच धरतं.

अडोबो, म्हणजे वाटण

इथे थोडा वेळ घालवायला हरकत नाही, कारण पदार्थाची ओळख इथेच ठरते. नुसतं मीठ-मिरी लावलंत तर ते टेक्सासचं ब्रिस्केट होईल, चांगलंच होईल, पण वेगळं.

मेक्सिकन स्वयंपाकात सुक्या मिरच्या तिखटासाठी कमी आणि चवीसाठी जास्त वापरतात. आपल्याला तीन प्रकार हवेत. आंचो ही पिकवून वाळवलेली पोब्लानो: रुंद, काळपट, सुरकुतलेली, मनुकांसारखी गोडसर. ग्वाहीयो लांब, तुकतुकीत, लाल; रंग आणि हलका आंबूसपणा तिचा. आणि चिपोत्ले, म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो. तिच्यातली मोरिता ही लहान, जांभळट जात घ्या. आंचो ५, ग्वाहीयो ६, मोरिता ३. मोरिता खरोखर तिखट असते, सांभाळून.

देठ आणि बिया काढा. तवा मध्यम तापवा आणि मिरच्या दाबून दोन्ही बाजूंनी काही सेकंदच शेका. सुगंध सुटला, साल जरा फुगली की उतरवा. आपल्याकडे कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजायची सवय असते, ती इथे आवरा. करपलेली ग्वाहीयो अख्ख्या वाटणाला कडू करते आणि तो कडवटपणा कशानंही जात नाही. शेकलेल्या मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. त्याच तव्यावर लसणाच्या १० पाकळ्या सालासकट काळे डाग पडेपर्यंत भाजा, मग सोला.

मिक्सरमध्ये मिरच्या, लसूण, दोन छोटे चमचे भाजलेले जिरे, चार लवंगा, इंचभर दालचिनी, एक मोठा चमचा मेक्सिकन ओरेगानो आणि पाव वाटी व्हिनेगर घालून गंधासारखं बारीक वाटा. पाणी लागेल तेवढंच. मिरच्या भिजवलेलं पाणी चाखून पाहा. कडवट असेल तर ओतून द्या आणि साधं वापरा. दालचिनी मेक्सिकोत पातळ, ठिसूळ, सिलोनकडची वापरतात. आपल्याकडची जाड साल उग्र पडते, ती निम्मी घ्या. मेक्सिकन ओरेगानोचं झाड पिझ्झावरच्या ओरेगानोहून निराळ्या कुळातलं आहे, वासही वेगळा, जरा लिंबाकडे झुकणारा. जिऱ्याबद्दल आपली खात्री असते की ते आपलंच. मेक्सिकोत ते स्पॅनिश लोकांबरोबर गेलं, आणि सीमेजवळच्या टेक्स-मेक्स स्वयंपाकात तर आपल्याइतकंच सढळ हातानं पडतं. मेक्सिकोच्या आतल्या भागात मात्र चिमूटभर पुरतं.

मेक्सिकन मिरच्या मिळत नसतील तर ग्वाहीयोच्या जागी ब्याडगी चालते. आंचोसाठी ब्याडगीबरोबर मूठभर मनुका वाटा. चिपोत्लेचा धूर मात्र ब्याडगीत कुठून येणार. त्यासाठी स्मोक्ड पॅप्रिका आणि एखादी लवंगी. चव जवळपास येते, तंतोतंत नाही.

वाटणाचे दोन भाग करा. एक झाकून फ्रिजमध्ये, तो शेवटच्या रश्श्यासाठी. दुसरा सकाळी मांसाला चोळायचा, पण अगदी पातळ, खालचं मांस दिसत राहील इतका. तंदुरीसारखा जाड लेप दिला तर तो धुराला अडवतो, वरून करपतो आणि आतून ओला राहतो. त्यावर भरड कुटलेली काळी मिरी शिंपडा, साधारण दोन मोठे चमचे. मीठ आदल्या दिवशीच दिलंय, आता नको.

लाकूड

मेस्कीट हे उत्तर मेक्सिकोचं आणि दक्षिण टेक्सासचं लाकूड. आपल्या माळरानांवर, कालव्यांच्या कडेला माजलेली वेडी बाभूळ ही त्याच कुळातली, अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आणलेली. तिच्या कोळशाची धग ज्यांनी पाहिली आहे त्यांना मेस्कीटचा स्वभाव लगेच कळेल: आच कडक, धूर तिखट. म्हणूनच लांबलेल्या शिजवणीत फक्त मेस्कीट वापरू नका, मांस राखेसारखं कडू लागतं. मुठीएवढे दोन तुकडे मेस्कीटचे आणि तीन-चार ओकचे, हे प्रमाण मला पटतं. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. पाण्यात भिजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यानं आधी वाफ निघते आणि मग तोच धूर उशिरा येतो, फायदा काही नाही. पाइन, प्लायवुड, रंगवलेल्या फळ्या किंवा पेट्यांचं लाकूड कधीच नको.

धुराचे तास

ग्रिल उघड्यावर ठेवा. बंद गॅलरी, गॅरेज, शेड, यांपैकी काहीही नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

साधारण ५७ सेंटिमीटर व्यासाच्या गोल ग्रिलमध्ये कोळशाच्या विटा कडेकडेनं गोलाकार रचत न्या: खाली दोन, वर दोन, अशी रांग घेराच्या दोन तृतीयांशापर्यंत. लाकडाचे तुकडे या रांगेच्या पहिल्या अर्ध्यावर अंतराअंतरानं ठेवा. मधल्या मोकळ्या जागेत पाण्यानं भरलेली अल्युमिनियमची थाळी. दहाएक विटा वेगळ्या पेटवून, राखाडी झाल्या की रांगेच्या एका टोकाला टाका. आग एकेक वीट पकडत हळूहळू पुढे सरकते आणि तासन्‌तास सारखी आच देते. पेटवायला रॉकेल किंवा पेटवणीचं तेल वापरू नका, त्याचा वास मांसात उतरतो. कोळसा पेटवायचं धुराडं स्वस्त मिळतं.

मांस जाळीवर, पाण्याच्या वर, चरबीची बाजू खाली. जाड टोक पेटलेल्या बाजूला. झाकणाचं भोक मांसाच्या वर येईल असं फिरवा, म्हणजे धूर त्याच्यावरून जाईल. जाळीच्या पातळीवरचं तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, ११० ते १३० चालतं. झाकणावरचा काटा बहुतेक खोटं बोलतो, तेव्हा दोन सळयांचा डिजिटल थर्मामीटर घ्या, एक सळई जाळीपाशी, एक मांसाच्या जाड भागात. सगळ्या खर्चात मी याच खर्चाला आवश्यक म्हणेन.

हवा खालच्या झडपेनं आवरायची. वरची निम्मी तरी उघडी ठेवा. सुरुवातीला पांढरा दाट धूर येईल. तो विरळ, निळसर होईपर्यंत मांस आत घालू नका. दाट धूर दिसायला जोरदार, पण जिभेवर काजळी ठेवून जातो.

पहिले तीन तास झाकण उघडायचं नाही. त्यानंतर तासातासानं बघा, कोरडा डाग दिसला तर तिथे पाणी आणि व्हिनेगर समसमान मिसळून फवारा.

मांसाच्या आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या मध्ये कुठेतरी अडेल. तासभर, दोन तास, कधी जास्तच, काटा हलत नाही. नवखा माणूस इथेच घाबरून आच वाढवतो. होतं एवढंच, की पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांसाला थंड करत असतं, माठातलं पाणी गार राहतं त्याच कारणानं. आच वाढवू नका. कवचाकडे पाहा: गडद तपकिरी-काळं झालं, नखानं खरवडलं तरी निघत नाही, की धुराचं काम संपलं. साधारण पाच ते सहा तास लागतात. थर्मामीटर ७० सांगतोय की ७४, याला इथे फार महत्त्व नाही.

पानांतली वाफ

इथे टेक्सासवाले खाटकाचा तपकिरी कागद गुंडाळतात. आपण केळीची पानं घेऊ. मेक्सिकोच्या युकातानमध्ये पिबिल हा मांसाचा पदार्थ याच पानांत शिजवतात, आणि कोकणातल्या माणसाला पान कसं वळवायचं हे शिकवायला नको. मेक्सिकन किंवा भारतीय दुकानात ती गोठवलेली मिळतात. शिर कापून टाका, पान गॅसच्या ज्योतीवरून झरझर फिरवा. रंग गडद होऊन ते मऊ पडतं आणि मग फाटत नाही.

खोल ट्रेमध्ये पानं आडवी-उभी पसरा, मांस चरबीची बाजू वर करून ठेवा, कडेनं एक वाटी पाणी किंवा बिअर, दोन तमालपत्रं, मग पानं वरून घडी घाला. ट्रे जाड फॉइलनं घट्ट बंद करा. ओव्हन १३५ अंशांवर. इथून पुढे चार ते पाच तास.

झालं की नाही ते घड्याळ सांगणार नाही. आतलं तापमान ९३ च्या पुढे गेलं की फॉइलचा एक कोपरा उघडून चपट्या भागात सळई खुपसा. लोण्यात सुरी जावी तशी गेली पाहिजे. अडखळली तर अर्धा तास अजून. काही तुकडे ९३ ला तयार होतात, काही ९८ ला. जाड भाग आधी मऊ होतो, तेव्हा त्यावर विसंबू नका. चपट्याचा मधला भाग बघा.

मग सगळ्यात अवघड काम: लगेच कापायचं नाही. फॉइल दहा मिनिटं सैल करून वाफ जाऊ द्या, परत बंद करा, टॉवेलांत गुंडाळून रिकाम्या थर्माकोलच्या किंवा कूलरच्या पेटीत दोन ते तीन तास ठेवा. आतलं तापमान ६५ च्या आसपास उतरलं की जिलेटिन जरा घट्ट होतं आणि रस मांसातच राहतो. ६० च्या खाली मात्र रेंगाळू देऊ नका, तिथून जंतूंची मजा सुरू होते.

रात्री आठला जेवायचं असेल तर सकाळी सहाला मांस ग्रिलवर चढलं पाहिजे, दुपारी बाराच्या सुमाराला पानांत, पाचपर्यंत ओव्हनमधून बाहेर. लवकर झालं तर पेटीत थांबतं. उशीर झाला तर पाहुणे थांबत नाहीत. म्हणून नेहमी लवकर सुरू करा.

रस्सा, कापणी, टाको

ट्रेमधला रस गाळून घ्या, वरची चरबी काढा. पातेल्यात दोन चमचे तीच चरबी तापवून बाजूला ठेवलेलं वाटण परता, कडेनं तेल सुटेपर्यंत. मग रस ओता, लागेल तसं पाणी, दहा मिनिटं उकळा, मीठ आता बघा. मांसातलं मीठ रसात उतरलेलं असतं. हा कोन्सोमे वाटीत, वर कांदा-कोथिंबीर आणि लिंबू.

कापताना दोन्ही स्नायूंच्या धाग्यांची दिशा वेगळी असते हे विसरू नका. मधल्या चरबीच्या रेषेवरून सुरी फिरवून दोन्ही भाग वेगळे करा. चपटा भाग धाग्यांना आडवा, पेन्सिलीच्या जाडीचा. जाड भाग टाकोसाठी खडबडीत तुकड्यांत कुटा आणि त्यावर थोडा रस्सा शिंपडा. कापलेल्या मांसाच्या कडेला गुलाबी वलय दिसेल. ते कच्चेपण नाही, धुरातल्या वायूंची मांसातल्या रंगद्रव्याशी झालेली क्रिया आहे. पाहुण्यांतलं कोणीतरी विचारतंच.

टॉर्टिया मक्याच्या, कोरड्या तव्यावर शेकून कापडात गुंडाळलेल्या. दुकानच्या पातळ असतील तर दोन एकत्र. साल्सासाठी पाव किलोहून थोडे जास्त तोमातीयो घ्या, हे कागदी आवरणातलं हिरवं, आंबट फळ. कच्चे टोमॅटो त्याची जागा घेत नाहीत. दोन सेरानो मिरच्या, अर्धा कांदा, दोन लसूण पाकळ्यांसह तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा, कोथिंबीर आणि मिठाबरोबर जाडसर फिरवा. चरबीदार मांसाला हाच आंबटपणा तोलतो. चीज आणि क्रीमचा डोंगर नको.

मराठी मंडळींना बोलावत असाल तर आमंत्रणातच मांस कोणतं ते स्पष्ट सांगा, आणि शाकाहारी बीन्स वेगळ्या भांड्यात, तेलावर करा. कढवलेली चरबी त्यात नकळत गेली तर कुणाच्या तरी मनाला लागेल.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, न कापता, थोड्या रश्श्यासह. तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना झाकून, मंद आचेवर. किंवा गरम करूच नका: चपटा भाग हातानं बारीक तोडा, त्यात लिंबाचा रस, ऑलिव्ह तेल, पातळ कांदा, कोथिंबीर, मुळा आणि डब्यातल्या चिपोत्लेचा एक चमचा कालवा, वरून अवोकाडो. याला साल्पिकोन म्हणतात. टेक्सासच्या एल पासो आणि सीमेपलीकडच्या हुआरेसमध्ये ते ब्रिस्केटचंच करतात, थंड, तोस्तादांवर, म्हणजे कुरकुरीत केलेल्या टॉर्टियांवर.